सहा नंबरचा कागद

सोमवार, १४ ऑक्टोबर १९९६

दुपारच्या बसनं कोइंब्राहून खोकं आलं. आत निघालं ते असं: छापील कागदांचे जुडगे नऊ, एकेक सहा पानी. पेन्सिली नऊ, टोक काढलेल्या. खोडरबर एक. तिकीट डकवलेले पिवळे लिफाफे नऊ. डॉक्टरीणबाईंची चिठ्ठी. मालाचे पैसे काही नाहीत. खोकं टपावरून उतरवायचे बसवाल्यानं पन्नास एस्कुदो मागितले, तीसवर आणला. शिवाय मक्याचा पाव, मीठ, आणि नवऱ्याचं, आदेलिनोचं, खोकल्याचं औषध. औषधाच्या किमतीत चार वेळा पाव आला असता.

आदेलिनोनं खोडरबर उचलून पाहिलं. म्हणाला, "खोडायची सोय केलीय. म्हणजे आम्ही खोटं बोलणार हे त्यांना ठाऊक आहे."

"खोटं कशाला बोलायचं?" मी म्हटलं.

तो जिन्याकडे वळला. जिना चढून वर जाताना तो मध्येच थांबतो आणि भिंतीवरचं कॅलेंडर वाचतो. आज बराच वेळ वाचत होता.

बुधवार, १६ ऑक्टोबर

हे कसं सुरू झालं ते लिहून ठेवते.

सप्टेंबरात आदेलिनोला जिल्ह्याच्या वैद्यकीय मंडळापुढे नेलं होतं. खाटेशेजारी ठेवायचं प्राणवायूचं यंत्र मिळतं, विजेवर चालणारं, नाकात बारीक नळी. मंडळानं शिफारस केली तर सरकार घरी आणून देतं. गावातल्या वेनांसिओला मिळालंय, तेव्हापासून तो आडवा होऊन झोपू शकतो. मी पिशवी धरून बाहेरच्या बाकावर बसले होते, दार किलकिलं होतं, सगळं ऐकू आलं.

"चालता येतं का?"

"येतं."

"चढ?"

"आमचं गावच चढावर आहे, साहेब."

"झोप?"

"मेल्यासारखी."

झालं. पुढचं मंडळ मार्चात. बाहेर आल्यावर तो त्याच इमारतीच्या पायरीवर बसला तो उठेचना. चेहरा राखेसारखा. तेव्हा एक बाई जाताजाता थांबल्या, पाणी आणून दिलं, त्याची नाडी पाहिली. त्या म्हणजे डॉक्टर कन्स्टांसा तेलेश, कोइंब्राच्या. वय चाळिशीच्या आतलं, हातात अंगठी नाही. त्यांचं काम असं की इंग्लंडात छातीच्या रोग्यांसाठी प्रश्नांचा एक कागद केलाय. यंत्राचे आकडे बाजूला ठेवून रोग्यालाच विचारायचं की बाबा, या आजारानं तुझं जगणं कसं झालंय. त्याचं पोर्तुगीज केलंय, पण ते आमच्यासारख्यांना लागू पडतं का, समजतं का, ते आधी माणसांवर करून पाहावं लागतं.

"तुमच्या गावात असे रोगी आहेत का?" त्यांनी विचारलं.

मी म्हटलं, "बाई, आमच्या उर्झेइरात दुसरा रोगच नाही." व्होलफ्राम धातूच्या खाणीत जो उतरला त्याच्या छातीत दगडाची धूळ बसली, हे काय सांगायला हवं?

मी मॅट्रिक, चर्चचा हिशेब ठेवते, अक्षर बरं आहे, हे त्यांनी विचारून घेतलं आणि वाचायचं काम माझ्यावर आलं. नऊपैकी पाच जणांना वाचता येत नाही. नियम चिठ्ठीत आहेत. वाचणारानं समोरासमोर बसावं. प्रश्न लिहिलाय तसाच वाचावा, फार तर दोनदा. पदरचं काही घालू नये. मान हलवू नये, हळहळू नये. ज्याचं उत्तर त्यानंच द्यावं. कागदावर नाव नाही, नंबर. आदेलिनोचा सहा.

मी संत बार्बरेपुढे एक मेणबत्ती लावायचं बोलले आहे. यंत्र घरात आलं त्या दिवशी लावीन, आधी नाही.

रविवार, २० ऑक्टोबर

मिस्सा आटोपल्यावर चर्चच्या सभागृहात बसलो. शेगडी पेटवली नाही, धुरानं सगळ्यांना खोकला येतो. कोट घालूनच बसले सगळे.

मी पहिला प्रश्न वाचला. "गेल्या चार आठवड्यांत आपल्याला खोकला किती दिवस आला?"

तिबुर्सिओकाका सगळ्यांत थोरले, एकाहत्तरचे. म्हणाले, "कोण विचारतंय?"

"कागद विचारतोय, काका."

"कागद विचारत असेल तर नाही आला." आणि एवढं बोलून असे खोकले की टोपी खाली पडली. बाकीचे हसले. हसले म्हणून तेही खोकले. तेवढ्यात पाद्रे आनिबाल दारातून डोकावून "काय झालं?" विचारून गेले.

संध्याकाळी डॉक्टरीणबाई कोइंब्राहून आल्या आणि त्यांनी नऊ कागद चाळले. "दोना एर्मिनिया, या कागदांवर भरवसा ठेवायचा तर तुमच्या गावचे खाणवाले माझ्यापेक्षा ठणठणीत आहेत."

मी नियमाप्रमाणे वाचलं होतं, आणखी काय करणार.

तिबुर्सिओकाकाच म्हणाले, "डॉक्टरीणबाई, कंपनीचा डॉक्टर सहा महिन्यांनी असाच कागद घेऊन यायचा. खोकला येतो म्हणालं की वर काढायचे. अर्ध्या पगारावर बायकांबरोबर खडे निवडायला. नाही म्हणालं की खाली. आम्ही सगळे नाही म्हणालो. म्हणून तर आज तुम्हाला इथं यायची पाळी आली."

"पण ती कंपनी होती. मी कंपनीची नाही."

"कागद तोच आहे की."

बाईंनी पेन्सिल कानाशी खुपसली. मग म्हणाल्या की प्रश्नच गावचे करू या, म्हणजे कंपनीची आठवण येणार नाही.

रविवार, ३ नोव्हेंबर

मूळ कागदात विचारलं होतं की बर्फ उपसता येतं का, गोल्फ खेळता येतो का. तिबुर्सिओकाकांनी विचारलं होतं, गोल्फ म्हणजे काय. बाईंनी सांगितल्यावर म्हणाले, "काठीनं चेंडू मारून मग त्याच्यामागे चालत जायचं? मग मारायचाच कशाला?"

तो प्रश्न बाईंनी काढला. त्या जागी पाद्रे आनिबालना विचारून नवा घातला: "सणाच्या दिवशी आपण संत बार्बरेच्या पालखीला खांदा देऊ शकता का? सहज, त्रासानं, की मुळीच नाही?" खाणवाल्यांची संत ती, डिसेंबरच्या चारला तिचा सण. मला प्रश्न आवडला. ओझं उचलता येतं का हेच त्यात विचारलं होतं, पण आमच्या भाषेत.

पालखीला ज्यांची जागा आहे त्या पाचही जणांनी "सहज" वर खूण करायला सांगितलं.

बाईंनी वेनांसिओकडे पाहिलं. तो चाकांच्या खुर्चीत, नाकात नळी, मांडीवर लोखंडी बाटली. "सेन्योर वेनांसिओ, तुम्ही? पालखी?"

"तेवीस वर्षं," वेनांसिओ म्हणाला. "उजवा दांडा, दुसरी जागा."

"पण... खुर्ची?"

"खुर्ची सून ढकलते. दांडा मी धरतो."

मग सगळे एकदम सांगायला लागले. पालखीला आठ खांदे. जो आजारी पडला त्याची जागा तो जिवंत असेपर्यंत कुणाला द्यायची नाही, असा रिवाज आहे. मात्र दर वर्षी त्यानं शेजारी चालायचं आणि दांड्यावर हात ठेवायचा, नाहीतर जागा गेली. हात ठेवला की खांदा दिला असंच धरतात. वजन बाकीचे वाटून घेतात, त्याबद्दल अक्षर काढत नाहीत. गेल्या वर्षी आठांत चार नुसते हात होते.

"म्हणजे तुम्ही खरंच उत्तर दिलंत," बाई म्हणाल्या.

"या वेळी खरंच दिलं," तिबुर्सिओकाका म्हणाले. "तुमचं नशीब बघा."

बाई हसल्या, मग रुमाल काढून डोळे पुसले. त्या सभागृहात धूळ फार आहे, मी पाद्रेंना किती वेळा सांगितलं. प्रश्नावर त्यांनी आडवी रेघ मारली.

रविवार, १० नोव्हेंबर

आज बाईंनी कागद बाजूलाच ठेवले. म्हणाल्या, "तुम्हीच मला प्रश्न द्या. ज्याला हा आजार नाही त्याच्या ध्यानातही येणार नाही असं तुमच्याकडून काय गेलंय?"

बाहेर पोरं चेस्टनट भाजायला काटक्या गोळा करत होती त्यांचा आवाज येत होता.

आदेलिनो सहसा चारचौघांत बोलत नाही. तो टोपीकडे बघत म्हणाला, "सूप फुंकून गार करता येत नाही."

कुणीतरी फिसकन हसलं. मग वेनांसिओनं मान हलवली. तिबुर्सिओकाकांनी हलवली. सगळ्या माना एकामागून एक हलल्या. बाईंनी ते लिहून घेतलं, खाली दोन रेघा मारल्या.

मला कानकोंडं झालं. मी गेलं वर्षभर त्याचं कोबीचं सूप फुंकून देते. मला वाटायचं, नवऱ्याला आवडतं म्हणून.

सगळे गेल्यावर मी बाईंना गाठलं. म्हटलं, "आता तो खरं बोलायला लागलाय. हे कागद मंडळाला दाखवा ना. सहा नंबर म्हणजे आदेलिनो, मी सही करून देते."

त्यांनी माझा हात धरला. "दोना एर्मिनिया, हे कागद कुणालाच यंत्र मिळवून देत नाहीत. हे कागद रोग्याला तपासत नाहीत, प्रश्नांना तपासतात. कुणाचं उत्तर काय हे मला उघड करता येत नाही, शपथ आहे तशी. पण त्यांनी स्वतः मला सांगितलं, समोर बसून, तर मी डॉक्टर म्हणून मंडळाला पत्र लिहीन. आजच लिहीन."

त्यांना असं बोलावंच लागत असणार. सरकारी माणूस आधी नाहीच म्हणतो. सहा पानं छापून, पेन्सिली विकत घेऊन, तिकिटं लावून कुणी नुसते प्रश्न कशाला तपासेल?

घरी येताना आदेलिनोला सांगितलं. तो भिंतीला टेकून उभा राहिला. "काय सांगू त्या बाईला? दम लागतो म्हणून? ती डॉक्टर आहे ना? दिसत नाही तिला?"

"दिसतं. पण तुझ्या तोंडून हवंय."

"मी चाळीस वर्षं नाही म्हणत आलोय, एर्मिनिया. आता हो म्हणालो तर सगळ्याच नाहीचा हिशेब द्यावा लागेल."

हे काय बोलणं झालं? मी पुढे चालू लागले.

बुधवार, १३ नोव्हेंबर

आदेलिनोनं आमचा कुत्रा तिबुर्सिओकाकांना दिला. म्हणाला, खाण्याचा खर्च वाचेल. मला न विचारता केलं, पण काटकसर त्याला सुचली याचं बरं वाटलं. घरच्या द्राक्षाच्या दारूच्या पिंपाला गंधकाची धुरी किती द्यायची, पिंप केव्हा बदलायचं, तेही मला वहीत उतरवून घ्यायला लावलं. त्याचे डोळे अलीकडे दमतात, म्हणून माझ्याकडून लिहवून घेतो.

शेगडी विझवून पांघरुणात बसलो. थंडी फार, पण कोळसा वाचला.

रविवार, १७ नोव्हेंबर

नवे कागद आले होते, सुधारलेले, सूप धरून एकतीस प्रश्न. आदेलिनोला सभागृहापर्यंत चालवेना. त्याचा कागद घरी वाचायचं ठरलं.

मी स्वयंपाकघरातल्या टेबलावर मेणकापड पुसलं. त्याला एका बाजूला बसवलं, मी दुसऱ्या बाजूला. नियमाप्रमाणे म्हटलं, "सेन्योर, मी आपल्याला काही प्रश्न वाचून दाखवणार आहे. बरोबर किंवा चूक असं उत्तर नसतं."

तो माझ्याकडे बघत राहिला. मग सरसावून बसला आणि कोटाचं वरचं बटण लावलं. "वाचा, बाई."

मला हसू येत होतं. सत्तावीस वर्षांत त्यानं मला कधी बाई म्हटलं नव्हतं. पण नियम होता, मी हसले नाही.

"गेल्या चार आठवड्यांत किती रात्री आपली झोपमोड झाली?"

"सगळ्या."

मी मान वर करणार होते, केली नाही. खूण केली.

"आपण सपाटीवर घरातल्या घरात चालताना थांबता का?"

"थांबतो. जिन्यावर कॅलेंडर वाचतो. ऑगस्टचं पान आहे ते अजून, कुणी उलटलं नाही. मला पाठ झालंय."

"पुढचा श्वास येणार नाही अशी भीती आपल्याला वाटली का?"

"रोज. दिवसा कमी. बाई, हे लिहून घ्यायचं असतं का?"

कागदावर फक्त चौकोन आहेत, पाच. मी "नेहमी" च्या चौकोनात खूण केली. बाकीचं इथे लिहिते आहे, कारण त्या चौकोनात ते मावलं नाही.

"आपल्यामुळे घरच्या माणसांना त्रास होतो असं आपल्याला वाटतं का?"

तो खिडकीकडे बघत होता. दम घेत, तुकड्यातुकड्यानं बोलला. "घरी बायको आहे. ती झोपलेली असते असं मला वाटावं म्हणून ती पडून राहते. मी इथे खाली येऊन टेबलावर डोकं ठेवून बसतो, तिला ऐकू जाऊ नये म्हणून. पण तिच्या माळेचे मणी ऐकू येतात, लाकडी आहेत. मग मी वर जातो आणि झोपल्याचं सोंग करतो. तीही करते. दोघं चांगलं करतो." त्यानं मेणकापडाची सुरकुती सारखी केली. "तिला मी सांगितलेलं नाही. तुम्ही सांगू नका."

मी प्रश्न दुसऱ्यांदा वाचला, कारण काय करावं सुचेना, आणि दोनदा वाचायची मुभा आहे.

"हो," तो म्हणाला. "पुष्कळदा."

पुढे आणखी बरेच प्रश्न होते. सूपसुद्धा आलं. मी आवाज सरळ ठेवला. शेवटचा असा होता, "पुढच्या वर्षासाठी आपले काही बेत आहेत का?"

"आहे एक. फेब्रुवारीत ऑलिव्हची छाटणी. ती कुणाकडून तरी करून घ्यायची, पैसे देऊन. तिला शिडीवर चढू द्यायचं नाही. ती पैसे वाचवायला चढेल."

याला कुठल्या चौकोनात घालायचं? "थोडेफार" वर खूण केली.

"संपलं, सेन्योर. आभारी आहे."

"आभार कसले, बाई." त्यानं वरचं बटण काढलं. मग नेहमीच्या आवाजात म्हणाला, "सूप आण, एर्मिनिया. थंडी वाजतेय."

मी सूप आणलं, फुंकलं, दिलं. आम्ही दोघं त्याबद्दल काही बोललो नाही. मला विचारायचं होतं, पण कोण विचारणार? वाचणारी बाई तर निघून गेली होती.

देवाचे आभार मानते. आता कागदावर खरं आहे. खुणा पाहिल्यावर कुणालाही कळेल.

सोमवार, १८ नोव्हेंबर

लिफाफा टपालात टाकला. तिकीट आधीच लावलेलं, खर्च नाही. टाकण्याआधी छातीवर क्रूस केला.

कॅलेंडरची पानं उलटली. नोव्हेंबर लावला.

गुरुवार, २८ नोव्हेंबर

फिलोमेनाच्या कॅफेत बाईंचा फोन आला. फिलोमेनाचा पोरगा धावत बोलवायला आला, मी एप्रनवरच गेले.

बाईंनी आधी हवापाण्याचं विचारलं. मग विचारलं, सेन्योर आदेलिनो जेवतात का, पाय सुजतात का, ओठांचा रंग कसा आहे. किती अगत्यानं विचारतात! मी म्हटलं, ओठ निळसर असतात, थंडी फार पडलीय. मला वाटलं लाइनच तुटली.

"दोना एर्मिनिया, त्यांना उद्या इकडे घेऊन याल? माझ्याच विभागात. मंडळाची गरज नाही."

"यंत्र मिळेल?"

"आधी येऊ तर देत."

म्हणजे मिळणार. नाहीतर उद्याच कशाला बोलावतील? मी सूपच्या प्रश्नाचं विचारलं, फिलोमेनाला ऐकू जाईल अशा आवाजात. बाई म्हणाल्या, तो लिस्बनच्या प्राध्यापकांनी काढून टाकला. सगळ्या रोग्यांनी एकच उत्तर दिलं, आणि ज्याला सगळे एकच उत्तर देतात त्या प्रश्नानं कमी-जास्त आजारी कळत नाही, म्हणून तो निरुपयोगी. मला हे समजलं नाही. सगळ्यांचं तेच असेल तर ते खरं असणार ना? पण ते शिकलेले लोक आहेत.

आदेलिनो ऐकेना. "बुधवारी संत बार्बरा. ती झाली की जाऊ."

"एक वर्ष हात ठेवला नाहीस तर काय होईल?"

"हात नाही ठेवला तर जागा जाते."

मी पुन्हा कॅफेत गेले, फोन करून पुढली तारीख घेतली. ११ डिसेंबर. बाई फोनवर नव्हत्या, कारकुनानं लिहून घेतलं. फोनचे पैसे फिलोमेनानं घेतले नाहीत, पण मी ठेवून आले.

बुधवार, ४ डिसेंबर

काय लिहू आणि काय नको.

सकाळी तिबुर्सिओकाकांनी येऊन आदेलिनोची दाढी केली. त्यानं लग्नातला काळा कोट घातला, तो आता दोन माणसांना पुरेल. चर्चमधून पालखी निघाली. आठांत पाच नुसते हात. पाद्रे आनिबाल म्हणत होते, ट्रॅक्टरवर ठेवू या, संत रागावणार नाही. तिबुर्सिओकाका म्हणाले, "संत नाही रागावणार, पाद्रे. ट्रॅक्टरवाला डिझेलचे मागेल." तिघं खरे खांदे, त्यात फिलोमेनाचा नवरा कंबरेचा अधू. आदेलिनो डाव्या दांड्याशी, हात ठेवून, चार पावलं चालायचा, थांबायचा. त्याच्यासाठी पालखी थांबायची.

खाणीच्या तोंडाशी, जिथे रस्ता उतरतो, तिथे फिलोमेनाच्या नवऱ्याचा पाय घसरला आणि डावा दांडा खाली गेला. संत बार्बरा तिरकी झाली. बायका ओरडल्या. आणि आदेलिनोनं खांदा घातला! मी डोळ्यांनी पाहिलं. हात नाही, खांदा. वाकला, दांड्याखाली शिरला आणि सरळ उभा राहिला. पुढे वाटेवरच्या क्रूसापर्यंत नेली त्यानं पालखी. तिथे वेनांसिओच्या मुलानं त्याच्या खांद्यावरून दांडा काढून घेतला.

मी गुडघ्यांवर बसून रडले. इतके दिवस जी प्रार्थना करत होते ती या रूपानं ऐकली जाईल असं वाटलं नव्हतं. त्याचा चेहरा लालबुंद झाला होता, मुलासारखा. बाकीचे पुरुष माझ्याकडे बघत नव्हते. हेवा वाटला असेल.

यंत्राची वाट न बघता मेणबत्ती आजच लावली.

शुक्रवार, ६ डिसेंबर

छान झोपतोय. कालही झोपला, आज दिवसाही झोपतो. खाली येत नाही. झोप म्हणजे अर्धं औषध, माझी आई म्हणायची. सूप दोन चमचे घेतलं. मी आज माळ कापडी दोऱ्याच्या गाठींवर जपली, लाकडी काढून ठेवली, आवाज नको.

मध्ये एकदा जागा झाला तेव्हा मी खाटेशी बसून म्हटलं, "सेन्योर, आपल्याला आत्ता कसं वाटतं?" कागदावरचा नव्हता हा प्रश्न. त्यानं डोळे उघडले, मला ओळखलं, म्हणाला, "आज नको, बाई."

बुधवार, ११ डिसेंबर

आदेलिनो शनिवारी सकाळी गेला. मी विहिरीवर होते.

आज कोइंब्राला जायचं होतं. फिलोमेनानं फोन करून कळवलं.

डाव्या दांड्याची जागा कुणाला द्यायची ते तिबुर्सिओकाकांनी विचारलं. मी म्हटलं, पुढच्या वर्षी बघू. ते म्हणाले, "बघू." कुत्रा बरोबर आणला होता. तो आत आला, टेबलाखाली फिरला आणि काकांबरोबर परत गेला.

पेटीचा आणि मिस्सेचा खर्च मागच्या पानावर लिहिला आहे.

गुरुवार, १९ डिसेंबर

कोइंब्राहून दुसरं खोकं. कागदांचे जुडगे नऊ, पेन्सिली नाहीत. लिफाफे नऊ, तिकिटासह. बसवाल्यानं या वेळी काही मागितलं नाही, टोपी काढली.

छापील चिठ्ठी आहे, बाईंच्या हातची नाही. ज्यांनी गेल्या वेळी उत्तरं दिली त्याच रोग्यांना तेच प्रश्न पुन्हा वाचावेत. ज्याच्या अवस्थेत बदल झालेला नाही तो माणूस तीच उत्तरं देतो की नाही, हे पाहायचं आहे. एकही प्रश्न रिकामा सोडू नये. कागद एकतीस तारखेच्या आत पोहोचावेत. कागदांच्या कोपऱ्यात पेन्सिलीनं नंबर घातलेत, एक ते नऊ.

सभागृहात जाऊन आठ जणांचे वाचले. सहावा टेबलावर आहे.

शुक्रवार, २० डिसेंबर

बाईंना पत्र लिहिलं. नक्कल इथे उतरवून ठेवते.

"आदरणीय डॉक्टर कन्स्टांसा तेलेश यांस,

आठ कागद याबरोबर पाठवले आहेत. नियमाप्रमाणे वाचले, पदरचं काही घातलं नाही. तिबुर्सिओकाकांनी या वेळी खोकल्यापुढे 'रोज' वर खूण करायला सांगितली. कोण विचारतंय असं विचारलं नाही.

सहा नंबरचा कागद माझ्याकडे आहे. माझे यजमान ७ तारखेला देवाघरी गेले. फोनवर कळवलं होतं, पण तुमच्या कारकुनांनी 'येणार नाहीत' एवढंच लिहून घेतलं असावं. त्यांचा दोष नाही, फिलोमेना फोनवर घाईत बोलते.

आता माझी अडचण अशी. एकही प्रश्न रिकामा सोडू नये असं चिठ्ठीत आहे. प्रश्न गेल्या चार आठवड्यांचे आहेत. त्यातले निम्मे दिवस ते होते. तेवढ्या दिवसांची उत्तरं मी देऊ शकते, मी जागीच असायचे. पण ज्याचं उत्तर त्यानंच द्यावं असाही नियम आहे, आणि तो मी आजवर मोडलेला नाही. ज्याच्या अवस्थेत बदल नाही तो तीच उत्तरं देतो का हे तुम्हाला पाहायचं आहे, असं लिहिलं आहे. त्यांच्या अवस्थेत आता बदल होणार नाही. तेव्हा मागचीच उत्तरं पुन्हा लिहून काढली तर चालतील का? मला ती सगळी येतात. शेवटच्या प्रश्नाला मी 'थोडेफार' वर खूण केली होती, ती बरोबर होती की नाही हेही तेव्हा विचारायचं राहिलं. त्यांनी सांगितलं होतं ते चौकोनात बसत नव्हतं.

पिवळ्या लिफाफ्याला तिकीट लावलेलं आहे, ते वाया जाऊ नये असं वाटतं. कागद भरून पाठवू, कोरा पाठवू, की पाठवूच नको, ते कृपा करून उलट टपाली कळवावं. मी तोवर कागद टेबलावरच ठेवते आहे.

आपली,
एर्मिनिया"